चाकं बाहेर काढण्याचा हिशेब

गाडी वळणावर वळते तेव्हा आतल्या चाकांवरचं काही ओझं बाहेरच्या चाकांवर सरकतं. किती, ते डाव्या-उजव्या चाकांमधल्या अंतरावर, म्हणजे ट्रॅकवर, आणि गुरुत्वमध्याच्या उंचीवर ठरतं. हजार किलोची गाडी, ५५ सेंमी उंचीवर गुरुत्वमध्य, १४० सेंमी ट्रॅक आणि गुरुत्वाकर्षणाच्या ०.६ पट जोराचं वळण धरलं, तर सुमारे २३६ किलो सरकतात. दोन्हीकडे हब आणि चाकामध्ये अडीच-अडीच सेंमी जाडीच्या चकत्या, म्हणजे स्पेसर, लावून चाकं बाहेर सरकवली की २२८. हा आठ किलोंचा फायदा खोटा नाही. टायरवरचं ओझं दुप्पट झालं तरी पकड दुप्पट होत नाही. म्हणून ओझं जितकं सारखं वाटलं जाईल तितकी एकूण पकड जास्त. फॉर्म्युला वनने १९९८ मध्ये गाड्यांची रुंदी दोन मीटरवरून १.८ मीटरवर आणली ती वळणावरचा वेग आवरायलाच, आणि २०१७ मध्ये वेग पुन्हा हवासा झाला तेव्हा ती परत दोन मीटर केली.

पण गॅरेजमध्ये चाक बाहेर काढलं की हबच्या बेअरिंगवरचा भार लांबच्या तरफेवरून येतो. तीच तरफ स्प्रिंगलाही लागू पडते, त्यामुळे ती मऊ पडल्यासारखी वागते. खड्ड्यात टायर मडगार्डला घासतो तो वेगळाच. मोठं नुकसान मात्र दिसत नाही. पुढचं चाक ज्या तिरक्या अक्षाभोवती वळतं तो अक्ष जमिनीला कुठे टेकावा, हे अभियंते मिलिमीटरांत ठरवतात. १९७२ च्या ऑडी ८० मध्ये तो मुद्दाम टायरच्या मध्याबाहेर टेकवला होता. एक चाक वाळूवर, दुसरं कोरड्या डांबरावर असताना ब्रेक दाबला तरी गाडी सरळ राहावी, म्हणून. अशी तजवीज २५ मिमीचा स्पेसर पुसू शकतो, उलटवूही शकतो.

मग कंपन्या ट्रॅक वाढवतात तो कसा? अमेरिकेत पॉन्टिॲकने १९५९ मध्ये तो सुमारे पाच इंचांनी वाढवला आणि ‘वाइड-ट्रॅक’ म्हणून त्याचीच जाहिरात केली. पण तिथे रुंदी कारखान्यातल्या आराखड्यात आली होती, तयार हबवर चकती चढवून नव्हे. ज्याला केवळ रुबाब हवा, त्याच्याशी वाद नाही. स्थैर्यासाठी स्पेसर घेणाऱ्याने मात्र आणखी एक गणित करावं: तेच आठ किलो गुरुत्वमध्य १९ मिमी खाली आणूनही वाचतात, आणि त्यासाठी छतावरच्या कॅरिअरवरची वीस किलोंची बॅग मीटरभर खाली, डिकीत ठेवली की झालं.