मोत्याची आंघोळ : रोज की महिन्याने?

घरात छोटं कुत्रं आलं की पहिले पंधरा दिवस नुसत्या कौतुकात जातात. सोळाव्या दिवशी कुणीतरी नाकाला पदर लावतं आणि विचारतं, "याला आंघोळ कधी घातली होती गं?" झालं! तिथून घरोघरचे कायदे सुरू होतात. कुठे रोज, कुठे दर रविवारी, तर कुठे पाहुणे यायचे असले म्हणजे. आपल्याकडे आंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही, ही लहानपणापासूनची सवय. मग सोफ्यावर चढणाऱ्या नि पलंगाखाली झोपणाऱ्या या मोत्याने पारोसं राहावं, हे मनाला कसं पटावं? म्हणून स्वतःचा नियम आपण त्यालाही लावतो, आणि नेमकं तिथेच बिघडतं.

मैत्रिणींनो, कुत्र्याचं कातडं आपल्यासारखं नसतं. त्याच्या त्वचेचा वरचा थर आपल्यापेक्षा पुष्कळ पातळ असतो. केसांच्या मुळांशी एक तेलकट स्राव तयार होतो, तो केसांवर पसरून त्वचा मऊ ठेवतो आणि बाहेरचं पाणी, धूळ अडवतो. थोडक्यात, त्याचा रेनकोट त्याच्या अंगावरच असतो. शिवाय आपल्यासारखा अंगभर घाम निथळणं त्याला माहीत नाही. पाण्यासारखा घाम येतो तो पंजाच्या तळव्यांना. बाकी उष्णता तो जीभ बाहेर काढून, धापा टाकूनच घालवतो. त्यात आपला अंगाचा साबण चांगलाच क्षारयुक्त. रोज चोळला की तेल निघून जातं, कातडं कोरडं पडतं, कोंडा होतो, खाज सुटते. मोत्या खाजवतो, चाटतो, तिथे जखम होते, जखमेला वास येतो. वास आला की आपण पुन्हा बादली भरतो!

आमच्या ओळखीच्या एका घरात अगदी हेच झालं. पांढरंशुभ्र स्पिट्झ जातीचं कुत्रं. (आपल्याकडे ज्याला सरसकट पॉमेरियन म्हणतात, तो बहुतेक वेळा हा इंडियन स्पिट्झच असतो. १९९४ साली आलेल्या 'हम आपके हैं कौन' मधला टफीसुद्धा याच जातीचा. त्यानंतर कितीतरी घरांतल्या मुलांनी असंच कुत्रं हवं म्हणून हट्ट धरला होता.) सासूबाईंचं देवाधर्माचं कडक. त्यांनी सुनेला एकच अट घातली होती, "रोज आंघोळ घालणार असशील तरच तो घरात राहील." सून बिचारी रोज सकाळी मोरीत त्याला न्हाऊ घालायची, तेही पाण्यात जंतुनाशकाचं टोपणभर औषध टाकून. दोन महिन्यांत कुत्र्याचं पोट लालेलाल, शेपटीच्या बुडाचे केस विरळ, आणि घरात आंबूस वास. शेतावरच्या गड्याकडे देऊन टाकायचं जवळजवळ ठरलंच होतं. मुलं जेवेनात. शेवटी जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं, तर त्यांनी औषधाबरोबर पहिली गोष्ट सांगितली ती ही, की रोजची आंघोळ आधी बंद करा.

मग घालावी तरी किती दिवसांनी? घरातच राहणाऱ्या, निरोगी, लहान कुत्र्याला साधारण तीन ते चार आठवड्यांनी एकदा आंघोळ पुरते. स्पिट्झचे केस दुपदरी असतात, वरचे लांब नि आतले लोकरीसारखे. ते नीट विंचरले तर महिनाभर तो स्वच्छ दिसतो. उन्हाळा आला म्हणून त्याचा गोटा मात्र करू नका; तेच केस त्याला उन्हापासून राखतात. ल्हासा आप्सो आणि शिह त्झू यांचे केस आपल्यासारखे वाढतच राहतात, त्यांना तीन आठवड्यांनी आंघोळ आणि अधूनमधून कात्री हवी. आखूड केसांच्या डॅशहुंडला महिना-दीड महिना चालतं. पगचं निराळंच. त्याची आंघोळ महिन्याने झाली तरी चालेल, पण तोंडावरच्या वळ्या दर एक-दोन दिवसांनी ओल्या फडक्याने पुसून कोरड्या केल्याच पाहिजेत. तिथे ओल साचली की घाण वास सुटतो नि कातडं सोलवटतं. चिखलात लोळून आला तर अर्थातच कॅलेंडर बघत बसू नये! पिल्लाचं लसीकरण पूर्ण व्हायचं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय न्हाऊ घालू नका, कोमट ओल्या फडक्याने पुसलं तरी भागतं.

आता खरी गोम सांगते. घर स्वच्छ राहतं ते आंघोळीने नव्हे, कंगव्याने. रोज दहा मिनिटं ब्रश फिरवला की गळणारे केस गालिच्यावर न पडता तुमच्या हातात येतात, धूळ निघते, अंगचं तेल सगळीकडे सारखं पसरतं. दुसरं, दाराशी एक ओलं नि एक कोरडं फडकं ठेवा. फिरून आला की चारी पाय पुसायचे, बोटांच्या बेचक्यांसकट. तिसरं म्हणजे त्याचं अंथरूण. आपण कुत्र्याला घासतो आणि ज्या गोधडीवर तो चोवीस तास लोळतो ती महिनोन्‌महिने तशीच! आठवड्याला गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात टाका, अर्धा वास तिथेच जातो. आमच्या त्या ओळखीच्या सुनेने याच तीन गोष्टी धरल्या, आणि देवघराच्या दाराला मुलांच्या लहानपणची फळी आडवी लावली. सासूबाई आता म्हणतात, "राहू दे बाई, माझ्या वेणीपेक्षा त्याची वेणीफणी जास्त होते."

आंघोळीच्या दिवशी आधी केस विंचरून गुंता काढावा. ओला झाल्यावर गुंता घट्ट बसतो, मग कात्रीवाचून सुटत नाही. वेळ सकाळी दहा-अकराची, ऊन असताना. पाणी तान्ह्या बाळाला घेतो तसं कोमट, मनगटावर बघून. मोरीत घसरू नये म्हणून पायाखाली जुना टॉवेल टाका. पाय स्थिर असले की अर्धी भीती जाते. कानात कापसाचे बोळे घाला (आणि नंतर आठवणीने काढा). शाम्पू कुत्र्याचाच हवा, पाण्यात पातळ करून, डोळे सांभाळून. मानेपासून शेपटीकडे चोळत जा, तोंड शेवटी फडक्याने पुसा. शाम्पू लावायला लागतो त्याच्या दुप्पट वेळ धुवायला द्या, कारण केसांत राहिलेला फेसच पुढे खाजतो. पुसल्यावर पंख्याखाली सोडून देऊ नका. पावसाळ्यात तर आतले लोकरीचे केस दिवसभर ओले राहतात आणि बुरशीला आयतं घर मिळतं. हेअर ड्रायर असेल तर मंद ठेवून, लांबून फिरवा.

बेसन, दही, शिकेकाई, खोबरेल या आपल्या आवडत्या वस्तू त्याच्यासाठी नकोत. बेसन केसांत अडकतं, तेलावर धूळ बसते, शिकेकाई डोळ्यांत झोंबते आणि राहिलेलं सगळं तो चाटून पोटात घेतो. फिनेल, जंतुनाशकं नि टी ट्री ऑईल तर त्याच्या अंगाजवळ आणूच नका. फरशी फिनेलने पुसली असेल तर वाळेपर्यंत त्याला बाहेर ठेवा, नाहीतर ओले पाय चाटतो. अंथरुणात डांबराच्या गोळ्याही ठेवायच्या नाहीत. त्या विषारी असतात.

गोचिडांबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण तिथे जिवाशी गाठ असते. पुष्कळजणींना वाटतं, चार बादल्या पाणी ओतलं की गोचीड वाहून जाईल. ती अशी जात नाही. ती कातडीत तोंड रोवून बसते आणि पाण्यात सहजासहजी मरत नाही. रक्त पिऊन टम्म झाली की खाली उतरते आणि भिंतीच्या भेगांत, फ्रेममागे, पलंगाच्या सांध्यांत एका वेळी हजारांवर अंडी घालते. म्हणून कुत्र्याबरोबर घराचे कोपरेही बघावे लागतात. गोचीड दिसली तर नखाने चिरडू नका, रॉकेल लावू नका. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. मानेवर थेंब टाकायचं औषध डॉक्टर देतात. ते टाकण्याआधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस आंघोळ नको, कारण ते त्या अंगच्या तेलातूनच पसरतं. गोचिडीच्या चाव्यातून येणारा ताप कुत्र्याचा जीव घेऊ शकतो. खाणं सोडलं, अंग तापलं, हिरड्या पांढुरक्या दिसल्या किंवा नाकातून रक्त आलं, तर उद्यावर ढकलू नका.

आंघोळ होऊन दोन दिवस झाले नाहीत तोच पुन्हा वास येत असेल, तर तो मळाचा वास नव्हे. कान, दात, शेपटीखालच्या ग्रंथी किंवा त्वचेवरची बुरशी, यांपैकी काहीतरी बिघडलेलं असतं. पशुवैद्यकीय दवाखाना म्हणजे फक्त गाई-म्हशींसाठी, अशी उगीच समजूत आहे. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातही कुत्रं दाखवता येतं. शेवटची आंघोळ कधी घातली आणि कोणता शाम्पू वापरला, हे चिठ्ठीवर लिहून न्या. आणि डॉक्टरांकडे जायचं म्हणून आदल्या दिवशी त्याला न्हाऊ-माखू घालून सजवू नका! कोंडा, चट्टे, खपल्या धुऊन गेल्या तर डॉक्टरांनी तपासायचं काय? जसा आहे तसाच उचलून न्या.