परक्या भिंतींचा कारभार

संपादकमहाशयांनी दीर्घ मुक्कामाची सुसज्ज घरे चालविणाऱ्या ‘ॲस्कॉट’ या सिंगापुरी कंपनीचा परिचय लिहावयास सांगितला, तेव्हा अहवालांच्या गठ्ठ्यातून एखाद्या महत्त्वाकांक्षी उद्योजकाची विजयगाथा बाहेर पडेल अशी माझी अपेक्षा होती. परंतु ते कागद चाळता चाळता माझे लक्ष वारंवार एकाच इमारतीच्या मालकीतील फेरफारांकडे ओढले जाऊ लागले, आणि या कंपनीच्या विस्ताराचे मर्म त्या फेरफारांतच दडलेले आहे असे माझे मत बनत गेले.

ही अठरा मजल्यांची इमारत सिंगापूर बंदराच्या जुन्या क्लिफर्ड धक्क्यापासून थोड्याच अंतरावर, फिनलेसन ग्रीन येथे उभी आहे. एशिया इन्शुरन्स या विमा कंपनीसाठी एन्ग केंग सियांग या वास्तुविशारदाने तिचा आराखडा केला, आणि 1955 च्या सुमारास ती पुरी झाली तेव्हा आग्नेय आशियात तिच्याइतकी उंच इमारत दुसरी नव्हती. 2006 मध्ये ॲस्कॉटने ती खरेदी केली, विम्याच्या कचेऱ्या होत्या तेथे शयनगृहे, न्हाणीघरे आणि स्वयंपाकाचे ओटे बसविले, आणि 2008 च्या अखेरीस महिना-दोन महिने मुक्काम करणाऱ्या परदेशी अधिकाऱ्यांसाठी ती खुली केली. पुढे 2012 मध्ये ती आपल्याच छत्राखालील विश्वस्त निधीला विकली; आणि 2019 मध्ये त्या निधीने सुमारे 353 दशलक्ष सिंगापुरी डॉलर, म्हणजे वहीतील किमतीहून 64 टक्के अधिक रक्कम घेऊन, ती त्रयस्थाच्या हवाली केली. तेरा वर्षांत तीन खरेदीखते झाली. दारावरची पाटी मात्र ॲस्कॉटचीच राहिली.

अधिकृत इतिहास थोडक्यात आटोपतो. 1984 मध्ये सिंगापूरच्या स्कॉट्स रोडवर ॲस्कॉटचे पहिले सर्व्हिस्ड अपार्टमेंट उघडले. ती वास्तू आज पाडलेली आहे आणि तेथे ‘स्कॉट्स स्क्वेअर’ उभा आहे. सोमरसेट हे नाव विलीनीकरणातून आले, फ्रान्समधील सिटाडीन्स 2004 पर्यंत पूर्णपणे हाती आले, ऑस्ट्रेलियातील क्वेस्टमधील हिस्सा 2017 मध्ये 80 टक्क्यांवर गेला, आणि 2022 मध्ये ओकवुड ही जुनी अमेरिकी कंपनी विकत घेतल्यावर सुमारे 15,000 घरांची भर पडून एकूण आकडा दीड लाखाच्या पुढे सरकला. पुण्यातही नेलर रोडवर ओकवुडची पाटी होती, त्यामुळे या व्यवहाराचा एक लहानसा धागा बंडगार्डनच्या परिसरापर्यंत येऊन पोहोचला. ओकवुडचे खरे प्रसिद्ध ठिकाण म्हणजे लॉस एंजेलिसमधील टोलुका हिल्स. चित्रपटांत काम मिळेल या आशेने मुलांना घेऊन आलेले पालक तेथे महिनोन्महिने तळ ठोकत. त्या वसाहतीवर आज दुसऱ्याच कंपनीचे नाव आहे. भिंती एकीकडे गेल्या, नाव सिंगापूरला आले, आणि ॲस्कॉटला हवे होते ते नावच.

भिंती आणि नाव असे वेगळे ठेवणे शक्य झाले ते एका चिवट यंत्रणेमुळे, आणि मी तिच्यापाशी जरा रेंगाळणार आहे. मार्च 2006 मध्ये ॲस्कॉट रेसिडेन्स ट्रस्ट, म्हणजे वर आलेला विश्वस्त निधी, सिंगापूरच्या शेअर बाजारात आला. हजारो लहानमोठ्या भागधारकांनी इमारती विकत घ्याव्यात, करपात्र उत्पन्नापैकी किमान 90 टक्के त्यांना वाटून टाकले की निधीवर स्वतंत्र कर पडू नये, आणि प्रत्यक्ष कारभार मात्र ॲस्कॉटने मुखत्यार म्हणून पाहून आपला मोबदला कापून घ्यावा, अशी ही व्यवस्था. निधीच्या अहवालांत इमारतींची तीन प्रकारच्या करारनाम्यांत वर्गवारी केलेली दिसते, आणि ती वाचताना आपल्याकडील जुन्या खोती-इजाऱ्याची आठवण आल्यावाचून राहत नाही. पहिल्या प्रकारात चालविणारा सरळ भाडेपट्टा घेतो. घरे रिकामी राहोत वा भरोत, ठरलेले भाडे मालकाला पोचते करणे त्याला भाग असते. दुसऱ्यात चालविणारा केवळ व्यवस्थापक असतो, पण अमुक इतके किमान उत्पन्न होईल अशी हमी देतो आणि तूट आली तर स्वतःच्या खिशातून भरून देतो. तिसऱ्यात मात्र कसलीच हमी नसते. जमाखर्चातील चढउतार मालकाच्या माथी, आणि व्यवस्थापकाचा मेहनताना कराराप्रमाणे चालू. एकच इमारत, तेच पलंग, तोच पाहुणा. परंतु वाईट साली कोणाची झोप उडावी हे या तीन कागदांपैकी कोणता कागद कपाटात आहे यावर अवलंबून. ॲस्कॉटची वाढ मुख्यतः तिसऱ्या कागदाकडे झुकत गेली आहे, आणि त्यातले चातुर्य मी मनापासून मान्य करतो.

या कागदांखाली विकली जाणारी वस्तू कोणती, हे पाहावयाचे तर सिंगापूरचा कायदा पाहावा. तेथे खाजगी घर तीन महिन्यांहून कमी मुदतीने भाड्याने देता येत नाही. सर्व्हिस्ड अपार्टमेंटला किमान सात रात्रींची अट आहे. एका रात्रीचा पाहुणा हॉटेलचा परवाना असलेल्यानेच ठेवावा. घर आणि हॉटेल यांच्या मधली ही जागा सरकारने आखून दिली, आणि त्या जागेची खूण म्हणजे स्वयंपाकघर. प्रकल्पासाठी सहा आठवडे परदेशी निघालेला पुण्याचा अभियंता हे जाणतो. तो बॅगेत कुकर घालतो, आणि तेथे पोहोचल्यावर त्याला कळते की ओट्यावर इंडक्शनची शेगडी आहे आणि ॲल्युमिनियमचा कुकर तीवर तापतच नाही!

हे स्वयंपाकघरच चालविणाऱ्याचा खरा ताप होय. पुण्यातील अशाच एका वास्तूत खोल्या आवरणाऱ्या एका बाईंचे काम मला पाहावयास मिळाले. पाहुणा गेल्यावर त्या प्रथम पलंगाकडे वळत नाहीत. खण उघडून चमचे, वाट्या, सुऱ्या, तवा यांची यादीबरहुकूम मोजणी करतात, फ्रीजच्या दाराच्या रबराच्या घडीत बोट फिरवितात, आणि मिक्सरचे भांडे नाकाशी नेतात. “चादरीचा डाग सगळ्यांना दिसतो, साहेब,” त्या म्हणाल्या, “पण या भांड्यातला लसणाचा वास नवीन माणसाला पहिल्या चहाच्या वेळीच येतो.” हॉटेलातील खोली जितक्या वेळात पुन्हा तयार होते त्याहून अधिक वेळ या घराला लागतो, मात्र मधल्या काळात त्याला रोज हात लावावा लागत नाही, आणि या धंद्यातील नफ्याचा मोठा वाटा त्या न लावलेल्या हातांतून निघतो.

आता अडचणींकडे वळावे लागेल. पहिली अडचण अशी की इंडक्शनची शेगडी बिघडली, गादी बसली, गालिचा झिजला, तर खर्च भिंतींच्या मालकाने करावयाचा, आणि तक्रार मात्र पाटीवरील नावाची होते. मालकाला दर पाच-सात वर्षांनी पैसा ओतावासा वाटेलच असे नाही. इमारत विकावयाची असेल तर मुळीच वाटत नाही. दुसरी अडचण लोभाची. 2018 मध्ये इंडोनेशियातील तौझिया ही हॉटेल कंपनी हाती आल्यावर हॅरिस, फॉक्स, यलो, पॉप अशा नावांची रांग लागली, आणि दीर्घ मुक्कामाचे घर हे मूळ वैशिष्ट्य साध्या रात्रीच्या हॉटेलांत मिसळू लागले. महामारीच्या काळात दीर्घ मुक्कामाच्या घरांनी हॉटेलांपेक्षा अधिक तग धरला, हे निधीच्या चालकांनीही ओळखलेले दिसते; 2021 मध्ये त्यांनी अटलांटातील जॉर्जिया टेक या विद्यापीठाजवळ विद्यार्थ्यांचे निवासस्थान विकत घेतले. म्हणजे निधी दीर्घ मुक्कामाकडे वळत असताना नावांची यादी मात्र अल्प मुक्कामाकडे फुगत होती, आणि ही विसंगती मला सुचिन्ह वाटत नाही.

उलट टोकाचे उदाहरणही ताजे आहे. सोंडर या अमेरिकी कंपनीने शहरोशहरी सदनिका लांब मुदतीच्या भाडेपट्ट्यांवर घेऊन प्रवाशांना दिल्या, म्हणजे भिंतींचा भार स्वतःच्या डोक्यावर घेतला. मॅरियट या हॉटेल कंपनीशी 2024 मध्ये झालेला करार 2025 च्या नोव्हेंबरात तुटला आणि सोंडर दिवाळखोरीत गेली, तेव्हा राहत्या पाहुण्यांना सामान बांधून बाहेर पडावे लागले. ॲस्कॉटचे चालक ही घटना आपल्या धोरणाचे समर्थन म्हणून दाखवू शकतील, आणि ते योग्यही ठरेल. परंतु परक्या भिंतींवर मेहनताना कमाविणाऱ्याला दरसाल नव्या भिंती शोधाव्याच लागतात, कारण जुन्या करारांच्या मुदती संपत असतात. 2028 पर्यंत वार्षिक मेहनताना पाचशे दशलक्ष सिंगापुरी डॉलरांच्या पुढे न्यावयाचा असा कंपनीचा संकल्प आहे. त्या घाईत, कोणत्या मालकाशी करार करू नये हे सांगणाऱ्या अधिकाऱ्याचे म्हणणे कंपनीत कितपत ऐकले जाईल, याची मला चिंता वाटते.