लॅपटॉपचे ग्राफिक्स आणि वॉरंटी

रचना : बहुतेक लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स चिप मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते. ती निकामी झाल्यास सहसा अख्खा बोर्ड बदलावा लागतो.

लक्षणे : पडद्यावर रेघा किंवा रंगीत ठिपके दिसणे, गेम सुरू होताच लॅपटॉप बंद पडणे. बाहेरचा मॉनिटर जोडल्यावर त्यावरही रेघा उमटल्या, तर दोष पडद्यात नसून ड्रायव्हरमध्ये किंवा चिपमध्ये असण्याची शक्यता अधिक.

कारण : सतत तापण्या-निवण्याने चिपखालच्या जोडांना तडे जातात. अशाच दोषामुळे जुलै २००८ मध्ये एनव्हिडियाने १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली. डेल आणि एचपीने काही मॉडेलांची वॉरंटी वाढवली.

दुरुस्तीपूर्वी : डेटाची प्रत काढावी, बिल, सिरियल नंबर आणि बिघाडाचे फोटो जपावेत. सेवा केंद्राकडून तारखेसह जॉबशीट घ्यावी. पाणी सांडणे, पडणे यांमुळे झालेले नुकसान साध्या वॉरंटीत सहसा बसत नाही.

दाद : आधी कंपनीकडे लेखी तक्रार, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही दावा चालतो. त्यामुळे पुण्यात खरेदी केलेल्या लॅपटॉपसाठी संगमनेर किंवा जामखेडच्या रहिवाशाला अहिल्यानगरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. मुदत दोन वर्षे. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही.