जात्यावरचा उपदेश : दख्खनचे सूफी आणि लोकभाषा

भारतात इस्लाम कसा पसरला, असा प्रश्न आला की चर्चा लगेच तलवारीपाशी जाऊन थांबते. म्हणून आज आपल्या शेजारचंच उदाहरण घेऊ, विजापूरचं. १३४७ साली बहमनी राज्य स्थापन झालं, १६८६ मध्ये आदिलशाही संपली. म्हणजे सुमारे ३४० वर्षं मुस्लिम राजवट. तरीही इथली बहुसंख्य प्रजा हिंदूच राहिली. नुसत्या सत्तेने श्रद्धा बदलत असती, तर असं झालं नसतं. मग ज्या घरांत इस्लाम पोचला, तिथे तो पोचला कसा?

१४००च्या सुमारास ख्वाजा बंदेनवाज गेसूदराज दिल्लीहून गुलबर्ग्याला आले. ते मोठे विद्वान, पण त्यांचं बहुतेक लेखन अरबी-फारसीत. सामान्य माणसाला ते कसं कळणार? पुढे विजापूरचे शाह मीरांजी आणि त्यांचे पुत्र बुरहानुद्दीन जानम यांनी दखनीत लिहायला सुरुवात केली. ज्यांना अरबी-फारसी येत नाही त्यांच्यासाठी हे लिहितोय, असं मीरांजींनी स्वतःच सांगितलं आहे.

याच परंपरेतून ‘चक्कीनामा’ आणि ‘चरखानामा’ ही गाणी आली. दळताना आणि सूत कातताना म्हणायची. आता यातली युक्ती बघा. जात्याचा खुंटा उभा असतो, अरबीतल्या अलिफ या अक्षरासारखा. तो अल्लाहची खूण. मधला खिळा म्हणजे पैगंबर. चरख्यावर सूत निघतं, तसं जिभेवर ईश्वराचं नाव. बाईला वाचता यायची गरज नाही, मशिदीत जायची गरज नाही. हातातलं कामच धडा होतं, आणि तो रोज पहाटे गिरवला जातो. मांडीवरचं मूल तेच ऐकत मोठं होतं. आपल्या जात्यावरच्या ओव्या आठवा, म्हणजे या पद्धतीची ताकद लगेच लक्षात येईल.

पण इथे एक सावधगिरी हवी. विजापूरच्या सूफींवर संशोधन करणारे इतिहासकार रिचर्ड ईटन सांगतात की ही गाणी धर्मांतराचं साधन म्हणून रचली गेली, असं म्हणता येत नाही. गाण्यात पीराचं नाव यायचं, त्यामुळे बायका दर्ग्याशी जोडल्या जायच्या. नवस, उरूस, मुलांची नावं असं करत बदल पिढ्यान्‌पिढ्या होत गेला. अमुक दिवशी धर्म बदलला, असं त्यातल्या अनेक घरांबाबत सांगताच येणार नाही.

आणि ही वाट एकतर्फी नव्हती. १७व्या शतकात श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ हा ग्रंथ मराठी ओवीत लिहिला आणि वारकऱ्यांनी त्यांना संत मानलं. लोकांच्या भाषेत बोलायचं ठरवलं, की बोलणाराही थोडा त्या लोकांचा होतोच. दख्खनचा इतिहास वाचताना राजांच्या लढायांबरोबर ही जात्याची घरघरही ऐकायला हवी.