ग्रुपमधून काढलं, मेसेज उडवला. अ‍ॅडमिनला एवढा अधिकार आहे का?

पूर्णा : शेळीपालनाचा ग्रुप, शंकरपटाच्या शौकिनांचा ग्रुप, भजनी मंडळाचा, क्रिकेट टीमचा, लाल कंधारी जनावरं सांभाळणाऱ्यांचा. तालुक्यातल्या कुठल्याही गावात जा, एकेका मोबाईलात असे आठ-दहा ग्रुप सहज निघतात. आवडीनं सुरू झालेले हे ग्रुप आता नुसते टाइमपासचे राहिलेले नाहीत. बोकडाचा भाव, पटाची तारीख, जनावराच्या आजारावरचा सल्ला, सगळं तिथंच कळतं. त्यामुळं एखाद्याला ग्रुपमधून काढलं की त्याचं नुसतं मन दुखत नाही, कामही अडतं.

आणि काढायला कारण मोठं लागतंच असं नाही. अ‍ॅडमिनच्या निवडीवर टीका केली, काढलं. स्पर्धेच्या वर्गणीचा हिशोब मागितला, मेसेज गायब. दोघांची तू-तू मैं-मैं झाली की ग्रुपच 'फक्त अ‍ॅडमिन मेसेज पाठवू शकतात' असा करून टाकला, मग दोनशे माणसं गप आणि एकटा अ‍ॅडमिन रोज सकाळी सुविचार टाकतोय! मग प्रश्न निघतो : आपल्याला बोलायचं स्वातंत्र्य आहे ना? मग हा कोण अडवणारा?

संविधानाच्या कलम १९ (१) (क) नं प्रत्येक नागरिकाला भाषण आणि अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य दिलंय, हे खरं. पण हा हक्क मुख्यतः सरकारच्या विरोधात आहे. म्हणजे सरकार, पोलीस, प्रशासन यांनी तुमचं तोंड बंद करू नये म्हणून. २०१२ साली पालघरमध्ये एका फेसबुक पोस्टवरून दोन तरुणींना अटक झाली होती, तेव्हा देशभर ओरड झाली. ज्या कायद्याखाली असे गुन्हे दाखल व्हायचे ते माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात रद्दच केलं. तिथं समोर सरकार होतं. शेळीपालन ग्रुपचा अ‍ॅडमिन म्हणजे सरकार नव्हे. त्याची बैठक, त्याचा ओटा. त्यानं उठ म्हटलं तर 'माझा मूलभूत हक्क मोडला' म्हणून कोर्टात जाता येत नाही.

ग्रामपंचायतीचा किंवा एखाद्या सरकारी कार्यालयाचा ग्रुप असेल तर गोष्ट थोडी वेगळी. त्यातून काढलं तरी सरकारी माहिती मिळण्याचा तुमचा हक्क जात नाही. ग्रामसभेची नोटीस, लाभार्थ्यांची यादी ही कागदावर मागता येते. दिली नाही तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज आहेच.

अ‍ॅडमिन एवढे कडक का होतात? काही जणांना मोठेपणाची हौस असते, हे कोण नाकारणार. पण आमच्या मते निम्म्याहून जास्त भाग भीतीचा आहे. एप्रिल २०१७ मध्ये वाराणसीच्या जिल्हा दंडाधिकारी आणि पोलीस प्रमुखांनी आदेश काढला होता की ग्रुपवर अफवा किंवा भडकाऊ मजकूर आला तर अ‍ॅडमिनवरही गुन्हा दाखल होऊ शकतो. ती बातमी देशभर फिरली. नोव्हेंबर २०१९ मध्ये अयोध्येच्या निकालाआधी कितीतरी ग्रुप रातोरात 'ओन्ली अ‍ॅडमिन' झाले. सण, निवडणूक, मिरवणूक आली की पोलिसांकडून अ‍ॅडमिनना नोटिसा जातात. पूर्वी त्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४९ खाली असायच्या, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम १६८ झालंय. ही नोटीस म्हणजे ताकीद, गुन्हा नव्हे. पण गावातल्या पोराच्या हातात पोलिसांचा कागद पडला की त्याला एवढा फरक कुठं कळतो? तो घाबरून सगळ्यांचंच तोंड बंद करतो.

गोंदियाचं प्रकरण काय होतं?

या भीतीवर आपल्याच उच्च न्यायालयाचं उत्तर आहे आणि ते प्रत्येक अ‍ॅडमिननं वाचावं असं आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव इथं २०१६ मध्ये एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका सदस्यानं ग्रुपमधल्याच महिलेबद्दल घाणेरडी भाषा वापरली. अ‍ॅडमिननं त्याला काढलं नाही, माफी मागायला लावली नाही, म्हणून अ‍ॅडमिनवरही गुन्हा दाखल झाला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढं गेलं. १ मार्च २०२१ रोजी न्यायमूर्ती झेड. ए. हक आणि न्यायमूर्ती अमित बोरकर यांनी अ‍ॅडमिनवरचा गुन्हा रद्द केला.

न्यायालयाचं म्हणणं साध्या भाषेत असं : अ‍ॅडमिनच्या हातात माणूस ग्रुपात घेणं आणि काढणं एवढंच आहे. कोण काय टाकणार हे त्याला आधी कळत नाही, मेसेज येण्याआधी तो तपासूही शकत नाही. दुसऱ्यानं केलेल्या गुन्ह्याची जबाबदारी त्याच्यावर टाकायची तर तसा कायदा पाहिजे, किंवा दोघांचा मिळून आधीच बेत ठरला होता हे दाखवता आलं पाहिजे. ते नसेल तर नुसता अ‍ॅडमिन आहे म्हणून तो आरोपी होत नाही. पुढं फेब्रुवारी २०२२ मध्ये केरळ उच्च न्यायालयानंही असाच निर्णय दिला.

यात एक बारकावा आहे. सुटला तो अ‍ॅडमिन. ज्यानं घाण लिहिलं त्याची सुटका या तर्कानं होत नाही. ज्याचं बोट त्याची जबाबदारी. दुसरं, हा निकाल आला तेव्हा अ‍ॅडमिनला दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करता येत नव्हता. ती सोय व्हॉट्सअ‍ॅपनं २०२२ मध्ये दिली. म्हणून शिवीगाळ, बायाबापड्यांबद्दलचा मजकूर, जातीधर्मात भांडण लावणारा व्हिडिओ दिसला तर लगेच उडवलेला बरा. त्याला कुणी मुस्कटदाबी म्हणत असेल तर म्हणू द्या. पण 'पोलीस मलाच धरतील' म्हणून वर्गणीचा हिशोब मागणारा मेसेज उडवायचं काहीच कारण नाही.

खरी अडचण कुठं आहे

समजा, शेळीपालनाचा ग्रुप आहे आणि अ‍ॅडमिन स्वतःच शेळ्यांचा व्यापारी आहे. एकानं लिहिलं, 'अमुक ठिकाणाहून आणलेल्या उस्मानाबादी शेळ्या चार दिवसांत आजारी पडल्या, बाकीच्यांनी जपून.' अ‍ॅडमिननं मेसेज उडवला, माणूस काढला. कायद्यानं बघाल तर तो त्याचा ग्रुप. पण बाकीचे उद्या तिथूनच शेळ्या आणणार आणि त्यांचा गोठाही आजारी पडणार. आवडीच्या ग्रुपात अती कडकपणाचं नुकसान असं होतं. गप्प बसतो एक, पैसे दुसऱ्याचे जातात.

अशा वेळी भांडत बसण्यापेक्षा काही गोष्टी कराव्यात. आधी हे लक्षात ठेवा, की काढलं तरी जुनं चॅट तुमच्या मोबाईलमधून जात नाही, तुम्ही स्वतः पुसत नाही तोवर. त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. अ‍ॅडमिननं मेसेज उडवला तर कुठल्या अ‍ॅडमिननं उडवला ते नाव सगळ्यांना दिसतं, म्हणजे विचारायचं कुणाला ते ठरलेलं आहे. तक्रार लिहिताना शिव्या नकोत. कधी घेतलं, कितीला घेतलं, काय झालं, पावती असेल तर तिचा फोटो, एवढंच. खरी गोष्ट लोकांच्या भल्यासाठी सांगणं ही बदनामी होत नाही, हा अपवाद जुन्या दंड संहितेत होता आणि १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्येही आहे. 'हा चोर आहे' म्हणणं वेगळं आणि 'माझ्या शेळ्या मेल्या' म्हणणं वेगळं.

ग्रुप सुरू करतानाच दोन-तीन अ‍ॅडमिन ठेवा, धंदा करणारा एक असेल तर बाकीचे दोघं धंद्यातले नकोत. नियम चार ओळींत लिहून ग्रुपच्या माहितीत टाका. कुणाला काढायचं तर आधी सांगा, मग काढा. भजनी मंडळात सूर चुकला म्हणून कुणी टाळ हिसकावून घेत नाही, आधी समजावतात ना?

मेसेज अ‍ॅडमिननं नाही तर कंपनीनंच उडवला, किंवा फेसबुक, इन्स्टाग्रामचं खातंच बंद केलं, तर मात्र दाद मागता येते. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांप्रमाणं कंपनीला तक्रार अधिकारी ठेवावा लागतो. त्यानं २४ तासांत पोच द्यायची आणि साधारण ७ दिवसांत निकाल लावायचा. उत्तर पटलं नाही तर ३० दिवसांच्या आत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडं ऑनलाइन अपील करता येतं. वकील लागत नाही. पण गावातल्या अ‍ॅडमिननं काढल्याची तक्रार ही समिती घेत नाही.

एक गोष्ट मात्र 'ग्रुपची अंतर्गत बाब' म्हणून सोडू नका. ग्रुपमधून काढण्यासोबत जातपंचायतीचा किंवा समाजातल्या पुढाऱ्यांचा 'याच्याशी बोलू नका, लग्नाला बोलवू नका, मयतीला जाऊ नका' असा फतवा असेल, तर तो सामाजिक बहिष्कार. महाराष्ट्रात त्यासाठी २०१६ चा स्वतंत्र कायदा आहे, २०१७ पासून लागू. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ग्रुपमध्ये आलेला तसा मेसेज हा पुरावा होऊ शकतो, म्हणून तो आधी जपून ठेवा. तक्रार बाधित माणूस किंवा त्याच्या घरचं कुणीही पोलीस ठाण्यात देऊ शकतं, नाहीतर थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडंही जाता येतं.