विराम कोठे द्यावा : इंग्रजी वाक्याच्या संपादनाची एक प्रक्रिया

इंग्रजी हस्तलिखिताचे भाषिक संपादन करणारा संपादक विरामचिन्हे तपासताना वाचणाऱ्याचा श्वास कोठे थांबतो हे पाहत नाही, तर वाक्याची बांधणी पाहतो. प्रथम तो प्रत्येक वाक्यातील मुख्य क्रियापदे शोधतो आणि त्या-त्या क्रियापदाभोवतीचा शब्दसमूह स्वतंत्र वाक्य म्हणून उभा राहू शकतो का, याची परीक्षा घेतो; पुढचे बरेचसे निर्णय याच परीक्षेतून निघतात.

'द रेन स्टॉप्ड, द मॅच बिगॅन' या वाक्याचे दोन्ही भाग स्वतंत्र वाक्ये आहेत आणि त्यांना केवळ स्वल्पविरामाने जोडले आहे. या दोषाला इंग्रजीत 'कॉमा स्प्लाइस' म्हणतात. मराठीत 'पाऊस थांबला, सामना सुरू झाला' ही रचना सहज असल्यामुळे मराठी भाषकांच्या इंग्रजी लेखनात हा दोष विशेष आढळतो. तेथे पूर्णविराम देता येतो, स्वल्पविरामानंतर 'अँड' किंवा 'बट' यांसारखे उभयान्वयी अव्यय घालता येते, अथवा दोन्ही विधानांचा अर्थ निकटचा असेल तर अर्धविराम, म्हणजे सेमीकोलन, वापरता येतो. 'हाऊएव्हर' हा शब्द मात्र उभयान्वयी नसून क्रियाविशेषण असल्याने दोन स्वतंत्र वाक्यांच्या मध्ये तो आला, तर त्याच्या आधी अर्धविराम आणि नंतर स्वल्पविराम द्यावा लागतो.

सर्वाधिक वेळ लागतो तो संबंधदर्शक उपवाक्यांना. 'द स्टुडंट्स, हू हॅड टिकेट्स, वेंट इन' या वाक्यात सर्वच विद्यार्थ्यांजवळ तिकिटे होती आणि ते सर्व आत गेले. दोन्ही स्वल्पविराम काढले की तिकिटे असलेले तेवढेच आत गेले, असा अर्थ होतो. दोन्ही वाक्ये व्याकरणाने शुद्ध असल्याने येथे नियम निर्णय देत नाही आणि संपादकाला समासात प्रश्न लिहून लेखकाचा अभिप्राय विचारावा लागतो. स्वल्पविरामांची ही जोडी असते. त्यांतला एकच उरला, तर कर्ता आणि क्रियापद यांची अकारण ताटातूट होते.

यादीतील शेवटच्या 'अँड' किंवा 'ऑर'पूर्वी येणाऱ्या स्वल्पविरामाला ऑक्सफर्ड कॉमा म्हणतात. ब्रिटिश वृत्तपत्रे तो बहुधा गाळतात, तर ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेस आणि शिकागो मॅन्युअल यांची शैली तो राखते. अमेरिकेतील मेन राज्याच्या जादा कामाच्या मोबदल्याविषयीच्या कायद्यात, त्या मोबदल्यातून वगळलेल्या कामांची यादी 'पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन' या शब्दांनी संपत होती आणि 'शिपमेंट'नंतर स्वल्पविराम नसल्यामुळे वितरण हे वेगळे काम की पॅकिंगचाच एक हेतू, हे संदिग्ध राहिले होते. ओकहर्स्ट डेअरीच्या वाहनचालकांनी केलेल्या दाव्यात अपील न्यायालयाने २०१७ साली चालकांच्या बाजूने निर्णय दिला आणि २०१८ मध्ये ५० लाख डॉलरची तडजोड झाली. दरम्यान विधिमंडळाने ती यादी दुरुस्त करताना कामांच्या मध्ये अर्धविराम घातले. यादीतील घटकांतच स्वल्पविराम असतील, तर घटक वेगळे दाखवण्यासाठी अर्धविरामाचा असा उपयोग सर्वमान्य आहे.

डॅशची तपासणी अखेरीस होते, कारण कळफलकावर त्याची वेगळी कळ नसल्यामुळे लेखक बहुधा हायफनच टंकतो. हायफन शब्द जोडतो. त्याहून लांब असलेला एन डॅश वर्षांचा किंवा पृष्ठांचा विस्तार दाखवतो. आणि सर्वांत लांब एम डॅश वाक्यातील आगंतुक मजकूर वेगळा काढतो. १२ पॉइंटच्या टंकात एम म्हणजे १२ पॉइंट आणि एन त्याच्या निम्मा. अमेरिकन ग्रंथांत एम डॅश दोन्ही बाजूंना जागा न सोडता छापतात, तर अनेक ब्रिटिश प्रकाशक त्याऐवजी दोन्ही बाजूंना जागा सोडून एन डॅश वापरतात. एका पुस्तकात एकच पद्धत राहील, हे संपादकाने पाहायचे असते.

मराठी छापील गद्यातील विरामचिन्हांची पद्धत १९व्या शतकात मेजर थॉमस कँडी यांच्या प्रयत्नांतून इंग्रजीवरून आली आणि चिन्हे तीच राहिली, तरी नियम तंतोतंत तेच राहिले नाहीत. म्हणून इंग्रजी लिहिणाऱ्या मराठी लेखकाने मराठीच्या सवयीवर विसंबू नये. प्रत्येक चिन्हाचे व्याकरणातील कारण स्वतःला विचारावे आणि ते सांगता येत नसेल तर चिन्ह बदलण्याआधी वाक्याचीच बांधणी तपासावी.