नवा लॅपटॉप घेण्याआधी एडिटर हलका करा

धायरीतील आमच्या कापड दुकानाचा बिलिंग व स्टॉकचा प्रोग्राम माझा भाचा सांभाळतो. एक दिवस तो म्हणाला, "मामू, लॅपटॉप फार धिमा चालतो, नवाच घ्यावा लागेल." खर्च पन्नास हजारांच्या घरात. चौकशीअंती कळले की दोष यंत्राचा नव्हता. एडिटरमध्ये ३१ एक्स्टेन्शन भरलेली होती आणि त्यांतील बरीचशी कधी वापरलीच नव्हती.

कोड एडिटर म्हणजे प्रोग्राम लिहिण्याची वही. भाचा वापरतो तो व्हिज्युअल स्टुडिओ कोड मायक्रोसॉफ्टने २०१५ साली आणला व तो मोफत मिळतो. त्याच्या पोटात क्रोम ब्राउझरचेच इंजिन चालते, म्हणून मेमरी मुळातच जास्त लागते. त्यात प्रत्येक चालू एक्स्टेन्शन आपला वाटा मागते. मेमरी पुरेनाशी झाली की संगणक डिस्कचा आधार घेतो आणि काम रेंगाळते.

उपाय क्रमाने करावेत. प्रथम सर्व एक्स्टेन्शन बंद ठेवून एडिटर उघडावा. वेग वाढला तर दोष त्यांचाच. वाढला नाही तर अन्यत्र शोधावा. नंतर कंट्रोल, शिफ्ट व पी ही बटणे एकत्र दाबून 'शो रनिंग एक्स्टेन्शन्स' निवडावे. कोणाला सुरू होण्यास किती मिलिसेकंद लागले, ते तेथे दिसते. तरीही उलगडा न झाल्यास 'एक्स्टेन्शन बायसेक्ट' वापरावे. ते दर फेरीत निम्मी बंद करून पाहते, त्यामुळे ३१ मधून दोषी एक सुमारे ५ फेऱ्यांत सापडते.

एकाच प्रोजेक्टला लागणारे एक्स्टेन्शन त्या वर्कस्पेसपुरतेच चालू ठेवावे. एडिटर फाइलींतील बदलांवर सतत नजर ठेवतो. हजारो आपोआप तयार होणाऱ्या फाइलींचे फोल्डर सेटिंगमधून त्यातून वगळावे.

मात्र छाटणीला मर्यादा हवी. उत्साहाच्या भरात भाच्याने चुका दाखवणारे एक्स्टेन्शनही बंद केले. दुसऱ्याच दिवशी बिलात मीटरचा हिशेब चुकला आणि गिऱ्हाइकाची माफी मागावी लागली. ते एक्स्टेन्शन पुन्हा चालू केले. चुका पकडणारी साधने व सुरक्षेचे अपडेट कधीही बंद करू नयेत.

आज ९ एक्स्टेन्शन उरली आहेत व जुन्याच लॅपटॉपवर काम सुरळीत चालते. न खपणाऱ्या मालाने गोदाम अडले, तर व्यापारी आधी गोदाम रिकामे करतो. नव्या जागेचा विचार नंतर. संगणकाच्या बाबतीतही हाच हिशेब ठेवावा.